रिकाम्या आसनापुढे

१९५६ च्या ऑक्टोबरात माझे आजोबा, म्हणजे मायचे वडील, नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि दोन-चार दिवसांत घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेवर घेऊन गेले. माय तेव्हा बारा वर्षांची होती. महादेवाची पितळी पिंड, मातामायचा चांदीचा टाक, शेंदूर लावलेले गोटे, सगळं तिला आजही आठवतं. देव्हाऱ्याची फळी मात्र आजोबांनी काढली नाही. पुढे तिच्यावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आला, फोटोपुढे मेणबत्ती लागली. तेव्हा मायने विचारलं होतं, की देव सोडले ना बाबा, मग हे काय? आजोबा काय म्हणाले ते तिला आठवत नाही. प्रश्न मात्र आमच्या घरात राहिला.

माझ्या लग्नानंतर तो आणखी धारदार झाला. आमचे हे तरुणपणी समता सैनिक दलात होते, नोकरी पोस्टात केली, आणि कुठल्याही वस्तूपुढे वाकण्याला त्यांचा पहिल्यापासून विरोध. त्यांच्या मते वंदना म्हणजे आदर; वर्गात शिक्षक आले की मुलं उभी राहतात, तेवढाच. त्याच्या पलीकडे एक पाऊल गेलं की टोपलीतले देव परत आले. माय रोज सकाळ-संध्याकाळ वंदना घेते, डोळे मिटून, हळू आवाजात, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ते शिक्षकांसाठी उभं राहणं नाही हे कळतं. दोघांपैकी कुणालाही मी कधी पूर्ण बरोबर म्हणू शकले नाही. ज्या धम्मात देव नाही, आत्मा नाही, आणि ज्याचं शरण आपण म्हणतो तो अडीच हजार वर्षांपूर्वी परिनिर्वाण पावला, तिथे जोडलेले हात पोचतात कुठे?

या प्रश्नावर मला जे थोडंफार उमगलं ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. आमची मुलगी तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिने आग्रह धरला म्हणून आम्ही दोघं मायला घेऊन गेलो. ऐंशीच्या घरातली माय तिरोड्याहून नागपूरपर्यंत रेल्वेत खिडकीशी बसली, वीज प्रकल्पाच्या चिमण्या मागे पडेपर्यंत तिकडेच बघत होती, आणि मग विमानात एकदाही घाबरली नाही. तिला लंडनमध्ये दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. एक, बाबासाहेब राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. आणि दुसरी, ते बसून वाचायचे ती जागा.

ती जागा म्हणजे म्युझियमच्या मधोमध असलेलं गोल वाचनालय. १८५७ साली ते उघडलं. १९२० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास, ग्रेज इनमधली बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध असं सगळं एकत्र चालू असताना बाबासाहेब इथे वाचायला यायचे. आम्हाला बाहेरच्या गोल पांढऱ्या भिंतीच पाहायला मिळाल्या. मायने विचारलं, खुर्ची कोणती? आमच्या मुलीचा नवरा म्हणाला, आजी, ते कोणालाच सांगता येत नाही. माय भिंतीला हात लावून उभी राहिली. तिच्यासाठी ही गोष्ट नुसती इतिहासातली नाही. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली. तो पराभव आजोबांच्या पिढीने घरातल्या मृत्यूसारखा सोसला होता.

तिथून आम्ही तेहतीस नंबरच्या दालनात गेलो. चीन आणि दक्षिण आशियाचं हे लांबलचक दालन आहे, आणि त्याच्या टोकाला काचेच्या भिंतीमागे अमरावतीचे दगड आहेत. ही अमरावती आपली वऱ्हाडातली नव्हे, आंध्रातली, कृष्णेच्या काठची. तिथे एक महाचैत्य होतं, इसवी सनापूर्वीच्या काळापासून शेकडो वर्षं वाढत गेलेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या जमीनदाराच्या माणसांनी बांधकामासाठी दगड उपसायला सुरुवात केली. १७९० च्या दशकात कर्नल कॉलिन मॅकेन्झी तिथे पोचला, १८४५ मध्ये वॉल्टर इलियटने खोदकाम केलं, १८५९ मध्ये दगड जहाजाने लंडनला गेले आणि १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात आले. मधल्या काळात त्यांतले कित्येक लंडनच्या हवेत उघड्यावर पडून होते. मागे राहिलेल्यांतले किती भट्टीत जाऊन चुना झाले, त्याची गणती नाही. चुनखडीचा दगड असल्याचा हा शाप.

त्या दगडांत एक शिला दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. एका बाजूला भरगच्च सजवलेला स्तूप आहे, साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला: कठडा, सिंह, पुढचे पाच खांब, वर उडणारे देवगण. मागची बाजू त्याच्याही तीनेकशे वर्षं आधीची. बोधिवृक्ष, त्याखाली एक आसन, पावलं, आणि दोन्हीकडे हात जोडलेली माणसं. आसनावर कुणी नाही. नंतरच्या लोकांनी जुना दगड फेकला नाही. फिरवला आणि पाठीवर नवं कोरलं.

माय या मागच्या बाजूशी थांबली. "बुद्ध कुठं हाये?" मुलीने समजावलं, की फार पूर्वी बुद्धाची मूर्ती कोरत नसत, झाड, चक्र, पावलं, रिकामं आसन एवढंच दाखवत. माय म्हणाली, "मंग हे लोक कोनाले हात जोडून रायले?"

हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक राजाच्या तोंडी आहे. 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भदंत नागसेनाला कोंडीत पकडतो. बुद्ध जर लोकांची पूजा स्वीकारत असतील तर ते पूर्णपणे विझलेले नाहीत, या जगाशी त्यांचं काही देणंघेणं उरलं आहे. आणि पूर्ण विझले असतील तर पूजा स्वीकारायला कुणी नाही, मग ती वांझ. वर्षावासात आमच्या विहारात हे प्रकरण वाचताना मी नेहमी थबकते. नागसेन पळवाट काढत नाही. स्वीकारणारा नाही हे तो सरळ मान्य करतो. मग सांगतो, मोठा अग्नी जळून विझला तरी जगातून आग नाहीशी होत नाही. माणसं आपल्या हाताने लाकडावर लाकूड घासून पुन्हा आग पाडतात. करणं आणि त्याचं फळ दोन्ही करणाऱ्याच्या बाजूला आहे. समोरचं आसन रिकामं असणं हाच वंदनेचा पाया आहे, अशी ही भूमिका.

बौद्ध परंपरा या बाबतीत स्वतःशी फार कडक वागलेली आहे. आजारी वक्कलीला बुद्धांचं दर्शन हवं होतं, तर बुद्धांनी त्याला या नाशवंत देहात पाहण्यासारखं काय आहे असं विचारून धम्माकडे वळवलं. कालिंगबोधि जातकात आनंद विचारतो, तुम्ही प्रवासाला गेलात की लोक फुलं घेऊन येतात आणि कुणी नाही म्हणून टाकून जातात, त्यांनी वंदन कशाला करावं? तिथे प्रतीकाची वाट नाकारलेली आहे, कारण तिला नुसत्या मनाच्या कल्पनेपलीकडे आधार नाही. मंजूर होतं ते बोधिवृक्षाचं रोपटं, जे जेतवनात लावलं गेलं. बुद्ध हयात असताना त्यांच्याऐवजी झाड. मला ही गोष्ट फार आवडते. झाड कुणाचं सोंग घेत नाही.

तरी पुढे मूर्ती आल्याच, आणि त्या आल्या म्हणून काही बुडालं असंही मी म्हणणार नाही. १९५४ च्या २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी स्वतः बसवली. ज्यांनी दोन वर्षांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांनीच. म्हणजे अडचण मूर्तीत नव्हती.

म्युझियममध्ये मायने चपला काढल्या, काचेपासून थोडं अंतर ठेवलं आणि त्रिशरण म्हटलं. हे अस्वस्थ झाले. लोकांची लाज म्हणून नव्हे, तो स्वभावच नाही त्यांचा. ते म्हणाले, "माय, हा प्रदर्शनाला ठेवलेला दगड आहे. मूर्तीसुद्धा नाही यात." माय डोळे उघडून म्हणाली, "जावईबापू, दगडाले नाई जोडत मी हात. त्यायच्या संगं जोडतो." आणि तिने बोट दाखवलं ते आसनाकडे नाही, आसनाच्या दोन्हीकडच्या माणसांकडे.

अभ्यासकांमध्येही या शिल्पांवरून वाद आहे. आल्फ्रेड फुशे यांच्या काळापासून मानलं गेलं, की सुरुवातीचे कलाकार बुद्धाला मुद्दाम दाखवत नव्हते, म्हणून आसन रिकामं. सुसान हंटिंग्टन यांनी वेगळं मांडलं: यांतली पुष्कळ शिल्पं बुद्धाच्या आयुष्यातल्या प्रसंगांची नाहीतच, ती यात्रेकरूंची आहेत, बुद्ध गेल्यानंतर त्या झाडाशी, त्या आसनाशी येणाऱ्या लोकांची. कोणता पक्ष खरा हे ठरवायचा अधिकार माझा नाही. पण माय जे बोलली ते दुसऱ्या बाजूचं आहे. तिने त्या दगडात बुद्ध शोधला, सापडला नाही, तेव्हा तिने आपली माणसं ओळखली.

यावर घरी परतल्यावर आमचा वाद झाला, आणि यांचा मुद्दा हलका नव्हता. माणसांबरोबर हात जोडायचे म्हटलं तर गर्दी सगळीकडेच जोडते. मातामायपुढेही जोडत होती. गर्दी खरी आहे म्हणून ती ज्याला वाकते ते खरं ठरत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला, आणि उत्तर मला शेवटी अमरावतीच्याच एका लेखात मिळालं.

त्या महाचैत्याच्या दगडांवर दात्यांची नावं आहेत. राजांची थोडी, बाकी भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, गृहस्थ, त्यांच्या बायका, मुली. त्यांत एक नाव विधिक. तो चर्मकार आहे, लेखात तसं स्पष्ट कोरलेलं आहे. बाप नाग, उपाध्याय, म्हणजे शिकवणारा. (शिकवणाऱ्याचा मुलगा कातडं कमावतो आणि दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, न लाजता लिहिल्या जातात, हे वाचून शिक्षिका म्हणून माझा गळा दाटून आला.) विधिकाने पूर्णघट कोरलेली शिला दान दिली, ती एकट्याने नाही: आईसह, बायकोसह, भावांसह, मुलासह, मुलींसह, नातलग आणि मित्रांसह. सगळं कुटुंब त्या दगडात उभं आहे.

आता ही गर्दी आणि ती गर्दी यांतला फरक पाहा. आमच्या पूर्वजांना देवळात इतरांबरोबर उभं राहायची मुभा नव्हती. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला, वर्षानुवर्षं चालवावा लागला, आणि शेवटी बाबासाहेबांनी त्या दाराची आशाच सोडून दिली. तिथे देव आत होता, आसन भरलेलं होतं, आणि म्हणूनच त्याच्याजवळ कुणी जायचं याची राखण होती. रिकाम्या आसनाला राखण लागत नाही. तिथे विटाळायला कुणी नाही. चर्मकाराचा दगड त्याच चैत्यात बसतो जिथे व्यापाऱ्याचा बसतो. विधिकाच्या काळात समाज समतेचा होता असा दावा मी करत नाही. पण त्या वंदनेच्या जागेत त्याला जागा होती, त्याच्या नावानिशी, त्याच्या धंद्यानिशी. माय "त्यायच्या संगं" म्हणाली ते या लोकांच्या संगं. तिसरं शरण संघाचं आहे, ते आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ मला पिवळ्या चीवरापुरता वाटत होता, आता तसा वाटत नाही. हे अजून म्हणतात की हा अर्थ मी ओढूनताणून लावते. लावते म्हणा.

आसन रिकामं असण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो म्युझियमच्या काचेशी थेट जोडलेला आहे. तमिळनाडूतल्या पाथूरच्या नटराजाचा खटला लंडनमध्ये चालला. चोरून विकलेली ब्राँझची मूर्ती, एका कॅनडियन कंपनीने विकत घेतलेली. १९९१ साली अपील न्यायालयाने मंदिराच्या बाजूने निकाल दिला आणि नटराज परत आला. आपल्या कायद्यात हिंदू देवतेला व्यक्ती मानतात, तिच्या नावाने मालमत्ता असते, ती दावा लावू शकते. इंग्रजांच्या कोर्टाने उद्ध्वस्त देवळालाही दावेदार म्हणून उभं राहू दिलं. बुद्ध असा दावा लावू शकत नाहीत. ते मालक नव्हतेच. मग अमरावतीच्या शिलांसाठी कोर्टात कोण उभं राहील? विधिक?

माझं उत्तर हो असंच आहे. देणाऱ्याने कुठे आणि कशासाठी दिलं ते दगडावर लिहून ठेवलं असेल, तर ते शब्द अजून बांधतात. दान दुसऱ्याच्या हातात गेलं की देणाऱ्याचा हक्क संपतो, हे मला मान्य. पण घेणाराही ठरलेला होता. ते महाचैत्याला दिलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी. १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमला आपल्या संग्रहातली वस्तू सहसा देऊन टाकता येत नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. कायदा माणसांनी केला, माणसं बदलू शकतात.

आणि परत देणं घडलेलंही आहे. १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅमला सांची परिसरात सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचे अस्थिधातू मिळाले. ते लंडनला गेले आणि आज जे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे तिथे पडून राहिले. बुद्धाच्या दोन अग्रशिष्यांच्या अस्थी, कलावस्तूंच्या संग्रहात. महाबोधी सोसायटीने आणि जगभरच्या बौद्धांनी मागणी लावून धरली, १९४७ मध्ये त्या सुटल्या, श्रीलंकेमार्गे भारतात आल्या, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात, पिप्राव्याची रत्नं हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाली होती. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तिथला स्तूप उकरला होता. अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या, बहुतेक रत्नं कोलकात्याच्या संग्रहालयात गेली, काही पेपेच्या घरात राहिली. अस्थी वेगळ्या आणि रत्नं वेगळी, ती विकायला हरकत नाही, असा युक्तिवाद झाला. मला हे अमान्य आहे. ज्यांनी ते मणी अस्थींबरोबर ठेवले त्यांनी ते दिले होते, आणि दिलेली गोष्ट अस्थींइतकीच त्या स्तूपाची. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव थांबला आणि जुलैअखेर रत्नं देशात आली.

आमच्या वैनगंगेच्याच काठी, खाली पवनीला, १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन स्तूप निघाले. तिथेही कठड्यांवर देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत आहेत. ज्या नदीत आजोबांनी टोपली सोडली त्याच नदीच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी दगडावर आपलं नाव कोरून दान दिलं होतं, आणि आजोबांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पवनीला तिरोड्याहून लोक क्वचित जातात. जायला हवं. लंडनपेक्षा ते जवळ आहे.

या वर्षीच्या वर्षावासात वाचन संपल्यावर मी विहारात बायकांना विधिकाची गोष्ट सांगितली. रोवणीचे दिवस होते, पऱ्हे उपटून हात सोललेल्या बायका संध्याकाळी येऊन बसत. सांगून झालं तेव्हा मागून एकीने विचारलं, "त्याच्या मायचं नाव काय होतं जी?" मी लेख पुन्हा आठवला. बापाचं नाव आहे, मुलाचं आहे. आई आहे, बायको आहे, मुली आहेत, पण नावं नाहीत.

आमच्या विहाराच्या संगमरवरी फलकावरही तसंच आहे. देणगी बाईने दिली असली तरी नाव नवऱ्याचं, नाही तर अमक्यांच्या स्मरणार्थ. आता आवारभिंतीचं काम निघालं आहे, नवा फलक लागणार आहे, आणि यादी करायचं काम समितीने माझ्याकडे दिलं आहे. मायने आपल्या पेन्शनीतून पैसे दिले, तिचं नाव तिच्याच नावाने लिहिलं. यांनी स्वतःच्या देणगीपुढे स्वतःच्या आईचं नाव लिहायला सांगितलं. बाकीच्यांकडे मी दारोदार जाते आणि देणाऱ्या बाईचं नाव तर विचारतेच, पण तिच्या मायचं आणि आजीचंही विचारते. मायचं सगळ्याजणी सांगतात. आजीशी आल्यावर पुष्कळजणी थांबतात, घरात आत जाऊन कुणाला तरी विचारून येतात, आणि काही जणींकडे विचारायलाही कुणी उरलेलं नाही.